राहिलेलं पात्र

सानगडीचे निवृत्त मास्तर लक्ष्मणराव इरेला पेटून वेब सिरीज लिहीत होते. गावचा तलाव बुजवून त्यावर राईस मिल बांधणाऱ्या घनश्यामशेठला त्यांनी आठ भागांत पार उघडं पाडलं. शेठला साथ देणारा सरपंच सोडला नाही की पुढारी सोडला नाही.

वाचन संपल्यावर पुण्याहून आलेला दिग्दर्शक म्हणाला, "सर, एकच पात्र राहिलं. दरवर्षी सत्कारात शेठला 'जलरक्षक' म्हणणारी ती मानपत्रं कोण लिहायचं?"

लक्ष्मणराव बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "मले तं आता आठवत नाही जी."



चहा घेऊन आलेल्या त्यांच्या पत्नी ललिताबाई म्हणाल्या, "असं काहून म्हणता जी? तुमच्या अक्षरातली सारी कच्ची पानं पेटीत हायेत. देऊ का काढून?"