मापाचा शर्ट

सीमेवरच्या गावांतल्या आम्हा शिंप्यांना बोलावून पोलीस साहेबांनी सांगितलं होतं, "आतून मोठमोठे खिसे असलेलं जाकीट कुणी शिवायला टाकलं, तर लगेच कळवा. त्यात स्फोटकं भरून पोरांना गर्दीत पाठवतात." बाहेर आल्यावर आम्ही थट्टाच केली होती, की घ्या, आता गिऱ्हाइकाचे खिसेही आपणच तपासायचे!

आज दुपारी एक अनोळखी माणूस नेमक्या तसल्याच जाकिटाची ऑर्डर देऊन गेला. "ज्याला घालायचंय त्याला येता येणार नाही. मापाला त्याचा शर्ट ठेवून जातो," म्हणाला. त्याची पाठ वळताच मी शटर ओढलं आणि साहेबांना फोन लावला. घडलं ते सगळं सांगितलं.

"घाबरू नका, ताई. तो शर्ट जपून ठेवा, त्यावरूनच पोरगा सापडेल."

मी घडी घालायला शर्ट उचलला. पांढऱ्या शर्टाचं एक बटण निळ्या दोऱ्याने लावलेलं होतं. सीमेपलीकडच्या गावात नोकरी लागली म्हणून घाईने निघालेल्या माझ्या मुलाला मी दारातच थांबवलं होतं आणि सुईत होता त्याच दोऱ्याने तुटकं बटण लावून दिलं होतं. "असू दे गं आई, कोण बघतंय!" म्हणाला होता.

"ताई? ऐकताय ना?"



"लवकर या, साहेब. शर्ट माझ्या लेकाचा आहे."