पंचांसमक्ष

तलाठ्याची मोटारसायकल तांड्यात शिरली, तेव्हा पाहुण्यांच्या हातात चहाच्या बश्या होत्या.

या माणसासाठी मिना अकरा दिवस आखाडा बाळापूरला खेटे घालत होती. पंधरा हजारांच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला परवापर्यंत नांदेडला कॉलेजात दिला, तर बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची फी माफ होणार होती. नाही तर नाव कटणार होतं. आणि भाऊसाहेब उगवले ते नेमके तिच्या मोठ्या बहिणीला, पुजाला, बघायला पाहुणे बसलेले असताना.

"धनसिंगा, तुझ्या लेकीनं पिच्छा पुरवला रे माझा," बाजेच्या कडेला टेकत तलाठी म्हणाला. त्यानं पिशवीतून छापील कागद काढला. "चल, फीमाफीचा पंचनामा उरकून टाकू. सालाचं उत्पन्न किती टाकू?"

रोज सकाळी मिना हे बापाकडून घोकून घ्यायची. बारा हजार म्हणायचं, बा. धनसिंग दोनदा म्हणून दाखवायचा. खरं तर बारा हजारही जास्तच होते.

पण आता कुरुंद्याकडून आलेल्या संतरामनं, नवऱ्या मुलाच्या बापानं, बशी खाली ठेवली आणि तो पुढे सरकला. थोड्या वेळापूर्वी त्यानंच विचारलं होतं, "कोयता धरता का औंदा?" ऊसतोडीला जाणं सोडून दोन सालं झाली, असं धनसिंगनं सांगितलं होतं. तिन्ही कोयते तेव्हा कडब्याच्या गंजीत खुपसलेले होते. दारातली म्हैस खेमा नाईकाची होती, पहाटे आणून बांधलेली. ती सारखी आपल्या घराच्या दिशेनं दाव्याला ओढ देत होती. कोयत्याचं नाव निघालं म्हणून पुजाच्या दोन सोयरिकी आधीच मोडल्या होत्या.

मिनानं बापाकडे पाहिलं. आवाज न करता नुसते ओठ हलवले. बारा.

"पन्नास," धनसिंग म्हणाला.

"हजार?"

"मग काय, पन्नास रुपये व्हय?"

सगळे हसले. संतराम सर्वांत जास्त.

तलाठ्याचा पेन थांबला. त्यानं छपराच्या पत्र्याकडे पाहिलं, मग म्हशीकडे. "बघ बरं का. एकदा लिहिलं की लिहिलं."

"लिवा की. हळद हाय, म्हैस हाय. काय नाईक?"

खेमा नाईक तांड्याचा प्रमुख. कोणाच्या चुलीवर काय शिजतं, हे त्याला ठाऊक होतं. "बराबर हाय," तो खाली बघत म्हणाला आणि पंच म्हणून अंगठा उठवला.

"दुसरा पंच?" तलाठ्यानं विचारलं. "पाहुणे, तुम्हीच करा ना सही. बसलेलेच आहात."

संतरामनं मिनाच्याच हातातला पेन घेतला. सावकाश, मात्रा-वेलांटी देत सही केली. मग म्हणाला, "पन्नास हजारवाल्याला माफी काहून लागती ओ?"

"लागती कशाला?" धनसिंग हसला. "फी भरतो की आमी. कागुद आपला घरात असलेला बरा."

तलाठी उठला, तशी मिना मागोमाग मोटारसायकलपर्यंत गेली. बाजेवरून सगळे बघत होते, म्हणून हळू बोलली.

"भाऊसाहेब, ते खोटं हाय. बारा करा."

"मला ठाऊक नाही का, पोरी?"

"मग एक रेघ मारा त्याच्यावर. शेजारी बरोबर लिवा." प्रयोगवहीत चुकलेलं निरीक्षण असंच दुरुस्त करायचं, असं तिला शिकवलं होतं.

"खाडाखोड तहसीलीत चालत नाही. हा फाडून दुसरा करावा लागेल. पंचांना पुन्हा बोलवावं लागेल, तुझ्या बापाला पुन्हा विचारावं लागेल. उद्यापासून मी निवडणुकीच्या कामाला हिंगोलीत." त्यानं कागद दोन बोटांत धरला. "बोल. आत्ता फाडू?"

मिनानं मागे वळून पाहिलं. संतराम इकडेच बघत होता. तिची याडी, म्हणजे आई नानीबाई, साखरेची वाटी घेऊन बाहेर आली होती. दाराआड पुजाच्या बांगड्या वाजल्या. सकाळपासून पहिल्यांदाच.

"न्हाई," मिना म्हणाली. "राहू द्या."

तलाठ्यानं कागद तिच्या हातात दिला आणि किक मारली.

दिवस कलताना पाहुणे गेले. सोयरीक पक्की झाली होती. खेमाची म्हैस सोडल्याबरोबर, कुणी न हाकता, आपल्या घरी गेली. नानीबाई दोन बश्या शेजारी परत देऊन आली.

धनसिंगनं गंजीतून कोयते काढले. एकेकाची धार अंगठ्यानं पाहिली. बराच वेळ तो मिनाकडे न बघता बोलत राहिला.

"पुजाला आता नेता येत न्हाई. सोयऱ्यांच्या कानावर जाईल. नाईकाच्या घरी राहील ती. आपुन औंदा कर्नाटकातल्या कारखान्यावर जाऊ. तिकडं कुनी वळखीचं न्हाई."

त्यानं तिसरा कोयता तिच्यासमोर ठेवला. मुठीला पुजाच्या जुन्या ओढणीची चिंधी गुंडाळलेली होती, पाच सालांच्या घामानं काळी पडलेली.

"चिंधीचे आनखी दोन वेढे दे," तो म्हणाला. "तुझा हात बारीक हाय."