तिच्यापुरता कागद

मुलांनो, असा वर्ग डोळ्यांसमोर आणा: बाई रोज प्रत्येकाला झेपेल असा गणितांचा वेगळा कागद करून आणतात. त्या बाई म्हणजे मीच. एका मुलीला पहिल्या चाचणीत रडू कोसळलं, म्हणून तिला मी वर्षभर सोप्या बेरजाच दिल्या. मला वाटायचं, केवढी माया करते मी! शेवटच्या आठवड्यात तिच्या शेजारची बडबडी मैत्रीण बोलून गेली, "बाई, माझे भागाकार हीच सोडवते!" मी तर चाटच पडले आणि त्या मुलीकडे वळले. "अगं, मग मला का नाही सांगितलंस?" "तुम्ही विचारलंच नाही." मी घाईघाईने भागाकारांचा कागद तिच्यापुढे धरला. तिने तो निरखून पाहिला. "नको बाई. हिच्या कागदावर चुकलं तर चालतं. माझ्या कागदावर चुकलं की तुमचा चेहरा उतरतो." आणि बेरजांचा कागद उचलून, बोटांवर मोजायचं नाटक करत ती मुकाट्याने सोडवायला बसली.