गुंगी आणि बगीच्याचा सौदा

तपासणीस गेलेल्या एका संत्रा-बागायतदारास वेदना आणि गुंगी यांपैकी एकीची निवड करावी लागली. त्या निवडीचे यथार्थ कथन पुढील ओळींत विनयपूर्वक करण्यात येत आहे.

पुंजाजींना शौचातून रक्त जात होते. सबब मोठ्या आतड्यात दुर्बीण घालून पाहणे अगत्याचे होते. अमरावतीच्या रुग्णालयात डॉक्टर प्रतीक्षा यांनी त्यांना तीन मार्ग समजावून सांगितले.

"काहीच न घेता केलं, तर पोटात कळ येईल, पण लगेच मोकळे व्हाल. गुंगीचं इंजेक्शन घेतलं, तर अर्धवट जाग राहील, त्रास फारसा जाणवणार नाही. तिसरी पूर्ण झोप. त्यासाठी भूलतज्ज्ञ लागतात, श्वासावर जास्त लक्ष ठेवावं लागतं. बहुतेकांना गुंगी पुरते."

"मंग गुंगीच द्या."

"देते. पण गुंगी घ्या की झोप, उद्यापर्यंत गाडी चालवायची नाही, सही करायची नाही, कोणताही व्यवहार ठरवायचा नाही."

पुंजाजींचा चेहरा उतरला. मोर्शीजवळच्या त्यांच्या बगीच्यातील संत्र्यांचा सौदा व्यापारी मनोजशेठ त्याच दुपारी फोनवरून ठरविणार होते. उत्तर न मिळाल्यास ते दुसऱ्या गावाकडे वळणार होते. शिवाय शेठ केवळ मोठी फळे तोडू इच्छीत होते. बारीक माल झाडावरच सडला असता.

"मंग तसंच करा म्याडम. बिना गुंगीचं."

"काहून जी?" पत्नी शकुनबाई म्हणाल्या. "फोनवर मी बोलतो ना."

"बगीच्याच्या सौद्यात बायामाणसं बोलतात काय वं?"

"तुमी तं व्यापाऱ्यानं दुसरा कप चहा पाजला का त्याच्या भावाले हो म्हणून मोकळे होता. मी चहा तरी पीत नाही."

डॉक्टर हसल्या. पुंजाजी हसले नाहीत.

दुर्बीण आतड्याच्या वळणाशी पोहोचली, तेव्हा अशी कळ उठली की त्यांनी खाटेचा कठडा गच्च धरला. कपाळावर घाम डवरला.

"अजूनही गुंगी देता येईल, काका," डॉक्टर हळुवारपणे म्हणाल्या.

पुंजाजींनी दाराकडे मान वळविली. मग परिचारिकेस म्हणाले, "बाहीर माही बायको हाय. तिले सांगा, फोन तूच उचल म्हणा."

आणि त्यांनी हात पुढे केला.

गुंगी ओसरली, तेव्हा डॉक्टर उशाशी होत्या. एक लहानशी गाठ काढून तपासणीस पाठविली होती. भिण्यासारखे काही दिसत नव्हते. एवढे सांगून त्या निघून गेल्या. शकुनबाई खिडकीपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. कानाशी फोन होता.

"नाही शेठ. बारीक-मोठा सारा माल उचलत असान तं बोला. नाही तं राहू द्या."

पलीकडचा आवाज पुंजाजींच्या खाटेपर्यंत ऐकू येत होता. "बाई, तुमी भाऊले फोन द्या. हे माणसामाणसाचं बोलणं हाय."

शकुनबाई वळल्या. पुंजाजींचे डोळे सताड उघडे होते. दोघांची दृष्टादृष्ट झाली.

पुंजाजींनी सावकाश डोळे मिटून घेतले.

"ते झोपले हायत," शकुनबाई फोनमध्ये म्हणाल्या. "बोला माह्यासंगच."

वाचकहो, आपण सवड काढून येथवर सोबत केलीत, त्याबद्दल अंतःकरणपूर्वक आभार.

— देवमन गोरडे, रिद्धपूर