पंधरावं नाव

"सर, फक्त तुमचीच सही राहिलीये," असं म्हणत तिने अर्ज टेबलावर ठेवला. कॉलेज सोडण्याचा अर्ज होता. बाकीच्या चार प्राध्यापकांनी न वाचताच सह्या ठोकल्या होत्या. सरांनी तो दोनदा वाचला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

पाच वाजता ऑफिस सरांच्या व्यवस्थापकीय अर्थशास्त्राची यादी बंद करणार होतं. विषय ऐच्छिक. पंधरा डोकी असली तर वर्ग चालणार, चौदा झाली की बंद, असा नियम. यादीत मोजून पंधरा नावं होती आणि त्यातलं एक आत्ता सरांच्या समोर उभं होतं. वर्ग बंद तर सरही बंद, हे डायरेक्टरसाहेबांनी सोमवारीच सांगून टाकलं होतं. चहा पाजून, अगदी गोड शब्दांत. सर एकोणीस वर्षं इथे तासांवर शिकवत होते, दर सहामाहीला नवा करार. कायम करण्याचं गाजर इतकी वर्षं दाखवलं गेलं होतं की दाखवणारेसुद्धा ते विसरून निवृत्त झाले. आता छपन्नाव्या वर्षी त्यांना दारात कोण उभं करणार होतं? बायकोचे सकाळपासून दोन फोन येऊन गेले होते. "अहो, लागली का यादी?"

"बस ना जरा," सर म्हणाले. "का सोडतेस पण?"

"मावशीची बेकरी आहे, सर. सुट्टीत मदतीला गेले होते. पहाटे चारला उठायचं, भट्टीपाशी हात भाजून घ्यायचे. पण मला तिथे बरं वाटतं. इथे दीड वर्षात एक दिवस बरं वाटलं नाही."

तिच्या मनगटावर भाजल्याचा ताजा चट्टा होता, आणि तो ती जरा मिरवतच होती. वर्गात हीच मुलगी दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावल्यासारखी बसायची. तिचं बरोबर आहे, हे सरांना पहिल्या वाक्यालाच कळलं.

बुडीत खर्च हा सरांचा हातखंडा धडा. झालं गेलं गंगेला मिळालं, ते धरून बसायचं नाही, इथून पुढे काय मिळेल आणि काय जाईल तेवढंच बघायचं. हे ते इतकं रंगून शिकवायचे की मुलं पाठीमागे त्यांना 'बुडीत सर' म्हणत. सरांना ते ठाऊक होतं, आणि मनातून थोडं आवडायचंही.

तेच सर आता म्हणाले, "अगं, दीड वर्ष घातलंयस तू यात. एवढी फी, एवढा अभ्यास! हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. आत्ता सोडलंस तर केलेलं सगळं पाण्यात जाईल."

आयुष्यात त्यांनी विद्यार्थ्यापुढे कधी हात पसरले नव्हते. लाज वाटत होती, तरी जीभ थांबेना.

"निदान ही सहामाही तरी थांब. मी सांगतो म्हणून थांब."

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. तिच्या कपाळावर आठी पडली, मग ती आठी हळूहळू सुटली आणि ती खुदकन हसली.

"कळलं, सर! तुम्ही मला तपासताय ना? जाता जाता तोंडी परीक्षा!" ती खुर्चीत ताठ बसली. "दीड वर्ष हा बुडीत खर्च. मी राहिले काय नि गेले काय, ते परत येणार नाही. म्हणून निर्णय घेताना ते धरायचंच नाही. मी आणखी थांबले तर आणखी बुडेल."

सरांची नजर पुन्हा घड्याळाकडे गेली.

"खरं सांगू का, सर? तुमच्या त्या एका तासामुळेच मला हिंमत झाली. नाहीतर रडत-कुढत पुरं केलं असतं मी. घरी बाबांनाही असंच समजावलं. ते ऐकेनात, तर तुमचंच उदाहरण फळ्यावर लिहावं तसं भिंतीवर लिहून दाखवलं."

परीक्षा नव्हती गं, मी विनवणी करत होतो, हे वाक्य सरांच्या ओठांपर्यंत आलं. टेबलावरचा फोन थरथरला. बायकोचा होता. त्यांनी तो उलटा करून ठेवला. समोर ती पोर डोळे मोठे करून वाट बघत होती. दीड वर्षात पहिल्यांदा तिला उत्तर येत होतं.

"बरोबर ना, सर?"

सरांनी पेनाचं टोपण काढलं.

"पैकीच्या पैकी," ते म्हणाले, आणि त्यांनी सही केली.