चष्म्याची डबी

"डोकं मागे करा. हलू नका," अरुणाताई म्हणाल्या.

पडद्यापलीकडे झांजा वाजायला लागल्या होत्या. खांदेश्वरच्या सोसायटीचा हॉल गच्च भरला होता. नंदकुमारबुवांनी खुर्चीतच मान मागे टाकली. अरुणाताईंनी देवाचं नाव घेत उजव्या डोळ्यात थेंब सोडला, मग डाव्यात. मग पुन्हा उजव्यात, पुन्हा डाव्यात. डॉक्टरांनी एकेकच सांगितला होता. पण आज देवळाच्या वर्धापनदिनाचं कीर्तन. देवाच्या कामाला एकाचे दोन बरे.

"आता नाकाजवळचा कोपरा दाबून धरा दोन मिनिटं. डॉक्टरांनी बजावलंय."

"अगं, नमनाला उभं राहायचंय! कोपरे कसले दाबायचे?" बुवा उठले, उपरणं सावरलं, आवंढा गिळला. "गंमत बघ. घालतेस डोळ्यात आणि कडू लागतं घशात."

काचबिंदू निघाला त्याला तीन आठवडे झाले होते. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली सांभाळायची, असं पनवेलच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. थेंब लिहून देण्याआधी त्यांनी विचारलं, "दम्याचा त्रास?"

शेजारी सुभाष उभा होता. कीर्तनं ठरवणाऱ्या मंडळाचा सेक्रेटरी, आपल्या गाडीतून दोघांना घेऊन आलेला.

"छे हो! कीर्तनकाराला दमा असता तर आख्यान कुणी लावायचं?" बुवा हसले. सुभाषही हसला, जरासा उशिरा. पर्समधल्या चष्म्याच्या डबीवर अरुणाताईंची मूठ आवळली.

त्या डबीत चष्मा नव्हता. दम्याचा निळा पंप होता. फार पूर्वी खोकणाऱ्या एका बुवांना मंडळानं पुढल्या वर्षी बोलावलंच नव्हतं, तेव्हापासून ही डबी. नऊ वर्षं. नमनाआधी दोन फवारे, आरतीनंतर दोन. तोही सोसायटीखालच्या राजश्रीच्या मेडिकलमधून कधी घेतला नाही. मुद्दाम पनवेलला जाऊन आणायचा.

तीन आठवड्यांपासून मात्र बुवांना दोन जिने चढवेनात. पंपानं छाती मोकळी होईना. अरुणाताईंनी करंजाडेच्या नव्या टॉवरांच्या धुळीला बोल लावला, बुवांनी वयाला. थेंबांवर दोघांचाही संशय गेला नाही. डोळा कुठे, छाती कुठे!

पूर्वरंग कसाबसा पार पडला. कुणीतरी धूप आणला आणि सुभाष नेहमीसारखा "चपला बघून येतो" म्हणत बाहेर सटकला. उत्तररंगात हत्तीचं आख्यान होतं. हत्ती तळ्यात उतरला. पाण्याखालून मगरीनं पाय धरला. वर काहीच दिसत नव्हतं, नुसता हत्ती आत आत ओढला जात होता. बुवांचा आवाज चिरला. श्वासाला बारीक शिट्टी लागली. दोन शब्दांनंतर थांबायचं, हात वर करायचे, पुन्हा दोन शब्द.

पहिल्या रांगेत मालतीबाईंनी पदर डोळ्याला लावला. "काय उभा केलाय गं हत्ती! जीव घाबरा झाला माझा."

स्टेजच्या कडेला अरुणाताईंनी डबी उघडली. समोर तीनशे माणसं. त्यांनी बुवांकडे पाहिलं. बुवांनी एवढीशी मान हलवली. नको. अरुणाताईंनी डबी मिटली. हत्तीला सोडवायला देव निघालेत, आता काय, दोन कडवी उरली.

ती दोन कडवी झालीच नाहीत. बुवांच्या हातातल्या चिपळ्या खाली पडल्या. ते गुडघ्यांवर आले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

अरुणाताई धावल्या. भर हॉलमध्ये, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्यांनी पंप बुवांच्या तोंडाला लावला. एक. दोन. चार. बुवांचे ओठ काळेनिळे पडत चालले. मेडिकलवाली राजश्री उडी मारून स्टेजवर आली.

"काकू, हा पंप कुणाचा?"

"ह्यांचाच. संपलाय बहुतेक. काहीच होत नाहीये गं!"

राजश्रीनं पंप हलवून पाहिला. निम्म्याहून जास्त भरलेला होता. तिचा चेहरा उतरला. "काकांना दमा आहे? मग माझ्याकडून नेलेले काचबिंदूचे थेंब… आज घातलेत?"

"आत्ताच. दोन-दोन."

"केयूर, अँब्युलन्स बोलाव! ऑक्सिजन हवा म्हणून सांग, आणि डोळ्यात टिमोलॉलचे थेंब घातलेत हेही सांग!" पेटीवरच्या मुलाला तिनं ओरडून सांगितलं. मग तिनं बुवांना टेकवून बसवलं. "काकू, डोळ्यातला थेंब नाकातून घशात उतरतो आणि तिथून सगळ्या अंगात. दमेकऱ्याच्या श्वासनळ्या आवळतो. वर पंपालाही काम करू देत नाही. ह्या माणसाला हे औषध द्यायचंच नसतं! डॉक्टरांनी विचारलं नाही तुम्हाला?"

घशात कडू लागतं. रोज सकाळ-संध्याकाळ बुवा सांगत होते आणि त्या रोज हसत होत्या.

"विचारलं होतं," अरुणाताई म्हणाल्या. बुवांनी त्यांचं मनगट धरलं होतं. ती पकड सैल होत होती. "पण तेव्हा सुभाषभावजी होते तिथे. त्यांना कळलं असतं तर मंडळानं पुन्हा उभं केलं असतं का ह्यांना?"

गर्दीतून वाट काढत सुभाष स्टेजपाशी आला होता. खालून जिना चढून आल्यानं त्याला धाप लागली होती. त्यानं जाकिटाच्या खिशातून हात बाहेर काढला आणि अरुणाताईंसमोर उघडला.

तळहातावर तसाच निळा पंप होता.