बिनपट्ट्याचं खोगीर

शिंगराचं दूध तुटल्यावर मी प्रथमच सिक्रावर बसले. ही माझ्या नवऱ्याची, बालिंटची घोडी. तो हिवाळ्यात गेला. आमच्या माळावरच्या खोगिराला पोटपट्टा नसतो. ते टिकतं स्वाराच्या वजनावर.

विहिरीपाशी सिक्रा आपणहून खाली बसली, बालिंटनं चाबूक वाजवला की बसायची तशी. मी उतरले.

"व्याल्यापासून लाडावलीय ही," सासरे म्हणाले. "की चाबूक वाजवलास?"

"नाही, बाबा."

"मग बस पुन्हा. पाठीवर माणूस बसल्याशिवाय उठायची नाही ती. बालिंटनं शिकवलंय तसं."

मी लगामाला हात घालणार, तोच सिक्रा उठली आणि दुडक्या चालीनं घराकडे निघाली.

सासऱ्यांनी टोपी काढली.

खोगीर तसूभरही घसरलं नाही.